खाला विचारून यायला लागली

जैनबखाला नेमकी कधी येईल, हे मेडशीत कुणालाच ठाऊक नसायचं. दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी घातली की आमच्या गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन बसत. कुणी तूर पाखडायला घेई, कुणी गोधडीला टाके घाली. हात कामात असत आणि डोळे गल्लीच्या तोंडाकडं. आपण वाट पाहतोय असं कुणी बोलून दाखवत नसे. पण कोपऱ्यावरून डोक्यावरची टोपली आधी दिसली आणि तिच्याखाली ठेंगणी, रुंद हाडाची खाला दिसली की हातातली सुपं आपोआप खाली टेकत.

ती मंगरूळपीरची. बांगड्या भरायची. सकाळच्या एसटीनं निघायची, वाटेत किन्हीराजाला उतरून तिथल्या गल्ल्या करायची, मग मालेगावला गाडी बदलून मेडशीला यायची. किन्हीराजा माझं माहेर आणि मेडशी सासर. म्हणजे खालानं सकाळी माझ्या आईच्या हातात बांगड्या भरलेल्या असायच्या आणि दुपारी ती माझा हात हातात घ्यायची. लग्न होऊन आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मला ह्या एवढ्याच गोष्टीचा केवढा आधार होता, ते आता सांगून कुणाला खरं वाटायचं नाही.

तिचा नवरा कोण होता, तिनं हा धंदा कधी धरला, मुलं किती, हे मला फार उशिरापर्यंत माहीत नव्हतं. ती स्वतःबद्दल बोलायची नाही. विचारलं तर म्हणायची, "माहं काय हाय सांगण्यासारखं. तू सांग." आणि आपण सांगायला लागायचो.

तिच्या बांगड्या भरण्यातच ती खुबी होती. हाताला थोडं साबणाचं पाणी लावायची, अंगठा तळव्यात दुमडायची, आणि म्हणायची, "हात ढिल्ला सोड वं." कुणाचाच हात सांगून ढिला पडत नाही. मग बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली, आता दुखणार म्हणून आपण दात आवळले, की नेमकी त्याच वेळी ती काहीतरी विचारायची. "धाकटा भाऊ आला होता का तुहा?" किंवा "सासऱ्याचा खोकला कसा हाय?" आपण उत्तर आठवायला लागायचो आणि बांगडी मनगटावर गेलेली असायची. भरताना एखादी बांगडी गेली तर ती "फुटली" असं कधी म्हणायची नाही. "वाढली," म्हणायची, तुकडे पदराच्या टोकात बांधून ठेवायची आणि दुसरी काढायची. शेजारच्या विधवा काकू बांगड्या भरत नसत. तरी खाला त्यांच्या ओट्यावर टेकायची आणि त्यांचा हात उगाच आपल्या हातात घेऊन बसायची. बोलणं दोघींचंही होत नसे फारसं.

माहेरचे निरोप ती आईच्या आवाजात सांगायची. "नंदे, जवसाची चटणी पाठवली हाय, पण आत्याबाईले आंधी वाढजो, मंग तू खाजो." माझ्या सासूबाईंना आत्याबाई म्हणायची आईची रीतही तिनं उचलली होती. हे ऐकताना मला आईच समोर बसल्यासारखी वाटायची. पण भांडणाचा निरोप ती कधी घ्यायची नाही. एकदा माझ्या भावजयीनं आईबद्दल काहीतरी सांगून पाठवायचा प्रयत्न केला, तर खाला म्हणाली होती, "झगडा मी नाही उचलत बाई. डोक्यावर आंधीच वझं हाय."

आता ह्या बाईचा आणि मोबाइल फोनचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण आमच्या गल्लीत बायांच्या हातात फोन आले ते तिच्यामुळं. कंपन्यांच्या जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या होत्याच, त्यांच्याकडं बघून कुणी घेतला नाही.

त्या वेळी फोन होते ते पुरुषांच्या खिशात. आमच्या घरात बटणांचा एक जुना फोन होता, तो पुढच्या खोलीत सासूबाईंच्या डोक्याशी खिळ्याला पिशवीत लटकलेला असे. आईचा फोन आला की सासूबाई तो मला देत आणि तिथंच बसून राहत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटायचं, फोन म्हणजे सगळ्यांनी मिळून ऐकायची गोष्ट. मी "हो, बरी हाय, हो, पाऊस हाय" एवढं बोलून फोन परत पिशवीत घालायची.

समोरच्या घरात कौसल्याबाई राहत. त्यांची सून संगीता माझ्याच वयाची. कौसल्याबाई आणि माझ्या सासूबाई ह्यांचं एकमेकींशी वाकडं नव्हतं, पण एकमेकींवर नजर भारी. कौसल्याबाईंनी मोरपंखी बांगड्या भरल्या की पुढच्या खेपेला सासूबाईंना मोरपंखीच हव्या असत. खालाला हे पाठ होतं. ती म्हणायची, "बांगडी कोनी आपल्या मनानं घेत नाही. शेजारणीच्या हातावर पाह्यते, घरी जाते, रातभर इचार करते, अन् मंग म्हणते, मले हाच रंग लय दिसापासून पाह्यजे होता."

गावात सुनेच्या हातात पहिला स्वतःचा मोठा फोन आला तो प्रज्ञाच्या. प्रज्ञा बौद्ध वस्तीतली, तिचा नवरा पुण्याला नोकरीला. आमच्या गल्लीतून तिकडं रोजचं जाणं-येणं कमी, पण खाला दोन्हीकडं जायची. एकदा सासूबाईंचा हात हातात घेऊन बसली असताना ती सहज म्हणाली, "प्रज्ञाच्या लेकराले पहिला दात आला. तिनं फोनवर नवऱ्याले दाखवला. तो तिकडं पुण्यात रडून राह्यला, हे इकडं हासून राह्यलं."

सासूबाई म्हणाल्या, "त्यायचं निराळं."

"निराळं काय बाई," खाला बांगडी सरकवत म्हणाली, "दात त साऱ्यायच्याच लेकरायले येतात."

सासूबाईंनी दुसरा हात पुढं केला. मी आत चहा ठेवत होते. माझी मुलगी तेव्हा रांगत होती आणि तिला पाहायला आई किन्हीराजाहून सारखी येऊ शकत नव्हती. खालानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चहा पिऊन टोपली उचलली आणि समोर कौसल्याबाईंकडं गेली.

तिथं तिनं काय सांगितलं ते संगीतानं मला नंतर सांगितलं. "समोरच्या घरी सुनेसाठी फोन येऊन राह्यला म्हणे," एवढंच ती कौसल्याबाईंना म्हणाली. पुढं एकही शब्द नाही. पुढच्या खेपेला आमच्याकडं आली तेव्हा सासूबाईंना हळूच विचारलं, "कौसल्याबाईनं सुनेले कोणता फोन घ्याचं ठरवलं, तुमाले काही बोलल्या का?" दोन्ही घरांत तोवर फोनचा विषयही निघालेला नव्हता.

त्या बाजारच्या दिवशी सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अकोल्याले जाशील त नंदासाठी एक फोन पाह्यजो. लेकरू तिच्या मायले दिसलं पाह्यजे का नाही." त्याच आठवड्यात संगीताकडंही फोन आला. मग मागच्या आळीत, मग देवळाकडच्या घरांत. प्रत्येक घराचं म्हणणं हेच, की आपण काही पहिले नाही, बाकीच्यांनी घेतला म्हणून आपण घेतला.

बऱ्याच दिवसांनी दोघी सासवा एका हळदीकुंकवाला शेजारी बसल्या आणि बोलता बोलता त्यांना कळलं, की दोघीही एकमेकींचं पाहून वळल्या होत्या आणि पाहण्यासारखं मुळात काही नव्हतंच. खाला आली तेव्हा दोघींनी तिला ओट्यावर बसवून जाब विचारला.

"जैनब, तू खोटं काहून बोलली?"

खालानं टोपलीवरचं फडकं शांतपणे सोडलं. "मी कुठं खोटं बोलली? पाहा ना, हाय ना दोघींच्याही घरी? मी थोडं आगाऊ सांगतलं, एवढंच."

कौसल्याबाई आधी हसल्या. मग सासूबाईंनाही हसू आवरलं नाही. त्या दिवशी दोघींनी एकाच रंगाच्या बांगड्या भरल्या.

एवढं करून खालाकडं मात्र फोन नव्हता. मी तिला एकदा विचारलं, "खाला, साऱ्यायले घ्याले लावला, तू काहून नाही घेत?"

ती माझ्या मुलीच्या हातात छोट्या बांगड्या भरत होती. म्हणाली, "माह्याकडं फोन असला त तुमी इचारसान, कुठवर आली, कवा येतं. मी सांगन, येते चार वाजता. मंग तुमी चार वाजताच बाहेर येसान. आता कशा दुपारपासून बसून राह्यता."

तेव्हा मला ते गमतीचं बोलणं वाटलं.

फोन आल्यापासून आईशी रोज बोलणं व्हायला लागलं. मी मागच्या अंगणात बसून बोलायची, आई तिकडं भावाचा फोन घेऊन चुलीपाशी. फोन धरायची रीत तिला कधी जमली नाही. चित्रात तिचं कपाळ आणि वरचं छत एवढंच दिसायचं. पण दिसायची तरी. सुनेची तक्रार, गायीचं आजारपण, सगळं बोलून व्हायचं. "तुही तब्येत कशी हाय?" असं विचारलं की ती म्हणायची, "मले काय धाड भरली? बरी हाय."

एके दिवशी खाला आली, पण टोपली खाली ठेवून तिनं फडकं सोडलं नाही. मला म्हणाली, "नंदे, तुही माय कवा पाह्यली तू?"

"रोजच त पाह्यणं होते, खाला. आज सकाळीबी बोलली."

"काय पाह्यलं?"

मला कळेना ती काय विचारतेय. ती म्हणाली, "तू माथा पाह्यला असशीन. आज मी तिचा हात धरला. मले भरा लागली नाही बांगडी. नुसती टाकली अन् ती कोपरापर्यंत गेली. मागच्या खेपेलेच मले शक आला होता. तवा ती म्हणे, नंदाले सांगजो नको."

"अन् तू नाही सांगतलं?"

"मागच्या खेपेले नाही सांगतलं," खाला म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "आज गाडीत बसल्यापासून एकच इचार करून राह्यली. भांडण असतं त नसतं उचललं. हे उचला लागते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी किन्हीराजाला गेले. आई दारात उभी होती. फोनवर जी रोज दिसायची ती ही नव्हती. गळ्याची हाडं वर आलेली, लुगडं अंगावर नुसतं गुंडाळल्यासारखं. भाऊ रोज तिच्यासमोर होता, त्यालाही ते हळूहळू झाल्यामुळं दिसलं नव्हतं. आम्ही तिला अकोल्याला नेलं. साखर फार वाढलेली होती. पायाला एक जखम झालेली, तीही तिनं कापडानं झाकून ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असता तर पाय वाचवणं अवघड होतं.

आई बरी झाली. अजून आहे, गोळ्या घेते, फोनवर कपाळ दाखवते. आता मी तिला फोन हातावर धरायला लावते. बरी होऊन घरी आल्यावर ती खालावर रागावली होती. "माही चुगली केली तू."

"चुगली नाही, निरोप दिला," खाला म्हणाली. "तू देत नव्हती म्हणून मीच बनवला."

मग टाळेबंदी आली. एसटी बंद. सगळं गाव घरात, आणि घरात प्रत्येकाच्या हातात फोन. मुलांची शाळा फोनवर, बायांचे गट फोनवर, कुणाच्या घरी काय शिजलं ते फोनवर. फक्त खाला नव्हती. मंगरूळपीरला तिचं घर नेमकं कुठं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती आमच्या घरातल्या कुठल्या कोनाड्यात काय आहे इथपर्यंत जाणत होती, आणि आम्हाला दर्ग्याच्या बाजूला कुठंतरी, ह्यापलीकडं काही सांगता आलं नसतं. वाईट बातम्या रोज येत होत्या. सणाला बायांच्या हातात जुन्याच बांगड्या, त्यातल्याही अर्ध्या वाढलेल्या. सासूबाई एकदा आपल्या जवळजवळ मोकळ्या हातांकडं बघत म्हणाल्या, "जैनब असन का वं?" मी भाजी निवडत होते, तशीच निवडत राहिले.

गाड्या सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कोपऱ्यावर टोपली दिसली. कुणीतरी आतमध्ये आवाज दिला आणि गल्लीतल्या बाया धुण्याच्या ओल्या हातांनी बाहेर आल्या. खाला वाळली होती. तिच्या घरात दोघं आजारी पडले होते, त्यातला तिचा मोठा मुलगा गेला होता. हे तिनं सांगितलं ते एका वाक्यात, आणि लगेच विचारलं, "कोनाचा हात आंधी?" कुणीच हात पुढं केला नाही. सासूबाई उठल्या, तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचाच हात आपल्या मांडीवर घेतला. तिला आम्ही रडताना पाहिलं ते तेवढंच.

ती गेल्यावर आम्ही ठरवलं, की खालाकडं फोन पाहिजेच. पुन्हा असं महिनोन् महिने ती आहे की नाही हे कळू नये, हे कुणालाच सोसणार नव्हतं. पण सरळ सांगून ती ऐकणार नाही, हेही माहीत होतं. तेव्हा संगीताला सुचलं. मी आईला फोन केला, आईनं किन्हीराजाच्या बायांना गोळा केलं. पुढच्या खेपेला खाला किन्हीराजाला उतरली तर तिथं तिला कळलं, की मेडशीच्या बाया रुसल्यात, खालानं फोन घेतल्याशिवाय बांगड्या भरायच्या नाहीत असं म्हणतात. मेडशीला आली तर आम्ही म्हणालो, "खाला, आमचं काही नाही, पण किन्हीराजाच्या बाया लय रुसल्या हायेत म्हणे." प्रज्ञानं तिकडं असंच सांगितलं. कौसल्याबाईंनी तर हळू आवाजात विचारलं, "मालेगावची दुसरी बांगडीवाली हाय ना, तिनं कोणता फोन घेतला, तुले काही माहीत हाय का?"

खाला आमच्या ओट्यावर येऊन टेकली. टोपली खाली ठेवली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

"माहीच बांगडी माह्याच हातात भरून राह्यल्या तुमी."

"हात ढिल्ला सोड, खाला," संगीता म्हणाली.

तिच्या नातवानं तिला फोन घेऊन दिला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नावापुढं प्रत्येकीचा फोटो लावायचं त्यानं ठरवलं. खालानं गावोगाव फोटो काढले ते बायांच्या हातांचे. चेहऱ्याचा एकही नाही. आम्ही विचारलं तर म्हणाली, "चेहरे साऱ्या बाया सारखेच करतात फोटोले. हात कोनाचा कोनता ते मले बरोबर कळते." तिच्या फोनमध्ये वरपासून खालपर्यंत नुसती मनगटं होती. माझा हात होता, त्यावर भाकरी करताना भाजल्याचा डाग. फोन आला की ती तो डाग पाहून म्हणायची, "बोल नंदे."

पहिले काही महिने मोठे आनंदाचे गेले. ती नव्या बांगड्यांचे फोटो पाठवायची. बोलून संदेश पाठवायला शिकली. तिचा आवाज आमच्या गटात घुमायचा, मागं मंगरूळपीरच्या रस्त्याचा गलका आणि कोंबड्याची बांग. निघायच्या आदल्या दिवशी फोन करायची, "उद्या येऊ का?"

हा प्रश्न तिनं आम्हाला आजवर कधी विचारला नव्हता. ती यायची आणि आम्ही हातातलं काम टाकायचो. मुगाच्या शेंगा तोडायच्या असल्या तरी तासाभरानं गेलं तर चालायचं. आता तिनं विचारलं आणि घराघरातून उत्तरं गेली. उद्या सोंगणी हाय खाला. उद्या पाहुणे येऊन राह्यले. उद्या पोट्टीची परीक्षा. परवा या. पुढच्या आठवड्यात या. त्यात खोटं एकीचंही नव्हतं. एवढ्या लांबून येऊन चार घरंच मिळायची असली तर यायचं कशाला, म्हणून मग ती थांबायची. फोटो तर पाहून झालेलेच असत. नव्या सुना धातूच्या बांगड्या घरबसल्या मागवायला लागल्या होत्या. एकीच्या हातावर पाहून दुसरी, दुसरीच्या हातावर पाहून तिसरी.

खालानं त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. एकदाच म्हणाली, तेही हसत. नागपंचमीच्या आधी ती आली होती आणि ओट्यावर आम्ही दोघीच होतो.

"पह्यले मी येऊनच पडत होती, त तुमाले काम आठवत नव्हतं. आता मी इचारते, त मले ये म्हणाच्या आंधी तुमाले काम आठवते."

मी म्हणाले, "मंग इचारू नको ना, खाला. पह्यल्यासारखी येत जा."

ती म्हणाली, "आता कसं? फोन असून न इचारता आली, त तुमीच म्हणसान, बुढीले कळत नाही."

ते खरं होतं. मी तिच्याकडून हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. त्या दिवशी अंगठ्याच्या हाडाशी बांगडी अडली तेव्हा तिनं काही विचारलं नाही. दुखलं थोडं.

पुढं तिचे गुडघे गेले. येणं सणासुदीपुरतं राहिलं, मग तेही बंद झालं. फोन मात्र करायची. सासूबाईंशी तासभर बोलायची. सासूबाई फोन कानाला लावून ओट्यावर बसत, आणि बोलता बोलता दुसरा हात पुढं पसरून धरत. तो कुणी पकडायला समोर नसायचं.

ती गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं. भर दुपार होती. तिचं नाव दिसलं तसं मी फोन उचलला आणि तिकडून कुणी बोलायच्या आत म्हणाले, "ये खाला, आज काहीच काम नाही. आजच ये." पलीकडं रस्त्याचा गलका ऐकू आला. मग तिचा नातू म्हणाला, "चाची, दादी नहीं रही. कल रात को. सबको बता देना." त्यानं यादीतले सगळे हात एकेक करून लावले असतील.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. मंगरूळपीरला चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. दुपारी तिथून निघाले आणि फोन न करता, विचारत विचारत, दर्ग्याच्या मागच्या गल्लीत तिचं घर शोधलं. ती बाजेवर बसून मटार सोलत होती. मला दारात पाहिलं आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"फोन नाही केला?"

"नाही केला."

ती बाजेवर सरकली, मला जवळ बसवलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मग मेडशीतल्या एकेकीचं विचारत राहिली. प्रज्ञाचं लेकरू कितवीत गेलं, शेजारच्या काकूंना आता दिसतं का, संगीताचं सासूशी पटतं का. हे सगळं तिला फोनवर कळतच होतं. तरी विचारलं, आणि मी सगळं पुन्हा सांगितलं. उन्हं कलायला लागली तेव्हा मी उठले, तर तीही चपला शोधायला लागली.

सून म्हणाली, "अम्मी, तुम कहां चलीं? पहुंच के फोन कर देंगी ना वो."

"पहुंचने का फोन बाद में," खाला म्हणाली. "पहुंचाना अलग है."

बसस्टँडपर्यंतचा रस्ता थोडकाच, पण आम्हाला बराच वेळ लागला. ती माझ्या दंडाला धरून चालत होती आणि दर थोड्या अंतरावर कुणीतरी तिला सलाम करत होतं. मालेगावची गाडी लागलेली होती. तिच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपण्यासारख्या नव्हत्या, तरी ती चढली. खिडकीजवळची जागा बघून मला बसवलं. शेजारी एक पोक्त बाई होत्या, त्यांना म्हणाली, "ही माही मेडशीची पोरगी हाय. हिले मालेगावले नीट उतरवून द्या." माझे केस पांढरे व्हायला लागले होते. त्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. खालानं माझ्या गालावरून हात फिरवला आणि दांडीला धरत धरत उतरली.

गाडी मागं सरकून वळली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. खाला फलाटावरच्या बाकापाशी पोचली होती. तिथं कडेवर मूल घेतलेली कुणी नवी सून बसली होती, खाला तिच्यापुढं वाकून काहीतरी विचारत होती. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी हात तसाच धरला होता. खालानं मान वर केली नाही. ती पोरगी बाकावर सरकून तिच्यासाठी जागा करत होती.